चक्रांचा खेळ आणि आपला वेळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने तीन चक्रांचे जुगारयंत्र बनविले. आज तीच चक्रे व्हिडिओ गेममध्ये फिरताना दिसतात.

समजा, प्रत्येक चक्रावर १० चित्रे आहेत. त्यांत घंटा एकच. तिन्ही घंटा जुळण्याची संभाव्यता १/१० × १/१० × १/१० = १/१०००. मग हजार डावांत त्या जुळणारच? नाही! प्रत्येक डाव स्वतंत्र. मागचे अपयश चक्रांना आठवत नाही. हजार डावांत एकदाही न जुळण्याची संभाव्यता ०.९९९ चा हजारावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के.

डावाला ५ सेकंद धरले, तर ८३ मिनिटे गेली. तेवढ्या वेळात बुद्धिबळात चुका कळतात, खेळ सुधारतो. येथे बटण दाबण्यापलीकडे निर्णयच नाही. मग शिकणार काय?

फासा सहा वेळा टाका. सहाचे दान पडतेच का, हे स्वतःच पडताळून पाहा.