येशूचें नांव मंत्र नव्हे

वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें १९:११-२०. सोबत २ राजे १८:१-४ व २०:१-७ हेहि भाग वाचावे.

आमच्या खेड्यांतील पुष्कळ कुटुंबांनीं देव्हाऱ्यांतील टाक सोडले. तरी मूल रात्रीं दचकून उठलें कीं मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात, आणि ताप तीन दिवस उतरला नाहीं तर घरचें कोणीतरी हळूच भगताकडे जाऊन अंगारा आणतें. याहून सूक्ष्म असा दुसराहि एक प्रकार आमच्यांत शिरला आहे. ताइताच्या जागीं क्रूस आला, अंगाऱ्याच्या जागीं प्रार्थना केलेलें तेल आलें, बाळाच्या उशाखालीं विळ्याऐवजीं शुभवर्तमान आलें. मनांतील समजूत मात्र तीच राहिली. आजचा पाठ या दुसऱ्या प्रकाराविषयीं आहे.

१. इफिस नगर. हें नगर सांप्रतच्या तुर्कस्तानांत होतें. तेथील मंत्रतंत्र इतकें प्रसिद्ध होतें कीं, ग्रीक ग्रंथकार एका मंत्राला 'इफिसी अक्षरें' असेंच म्हणत. त्यांत सहा शब्द सांगितले जातात. त्यांचा अर्थ सामान्य माणसास कळत नसे; तरी ते उच्चारले किंवा लिहून अंगावर बाळगले म्हणजे पीडा टळते, अशी समजूत होती. भगताचें पुटपुटणें तरी आम्हांला कोठें कळतें?

२. स्किवाचे सात पुत्र. पौल येशूच्या नांवानें दुष्ट आत्मे घालवितो, हें पाहून या सात जणांनीं तें नांव आपल्या मंत्रांत घातलें. त्यांना येशू नको होता. त्याच्या नांवाचा गुण तेवढा हवा होता. तेव्हां भूतग्रस्तानेंच त्यांना, तुम्ही कोण, असें विचारलें आणि घायाळ करून उघडेनागडे पळविलें. तरी हा धंदा थांबला नाहीं. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत इजिप्त देशांतील चौथ्या शतकाची एक मोठी मंत्रपोथी आहे. तिच्यांतील भूत काढण्याच्या मंत्रांत येशूला इब्र्यांचा देव म्हणून हांक मारली आहे, आणि पोथीभर इतर देवतांचींहि नांवें आहेत.

येथें मंत्र व प्रार्थना यांतील भेद ध्यानांत घ्यावा. मंत्रानें मनुष्य शक्तीला बांधूं पाहतो : शब्द बरोबर, वार बरोबर, नारळ बरोबर, तर काम झालेंच पाहिजे. प्रार्थनेंत लेकरूं बापाजवळ मागतें, आणि बापानें नाहीं म्हटलें तरी त्याच्याच जवळ राहतें. आम्ही येशूचें नांव दहा वेळां मोठ्यानें घेतलें म्हणून देव बांधला जात नाहीं.

कोणी म्हणेल, पौलाच्या अंगावरचे रुमाल नेल्यानें रोगी बरे झाले, तें कसें? शास्त्र सांगतें कीं तीं असामान्य कृत्यें देवानें केलीं. पौलानें रुमाल विकले किंवा घरोघर बांधावयास दिले, असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. याकोबहि तेल लावावयास सांगतो, पण भरंवसा विश्वासाच्या प्रार्थनेवर ठेवतो.

३. हिज्कीया राजा. मोशेनें पितळी सर्प देवाच्याच आज्ञेनें केला होता. पुढें लोक त्याला धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीयानें त्याचे तुकडे केले. चांगली वस्तुहि ताईत होऊं शकते, हें त्यानें ओळखलें. हाच राजा मरणोन्मुख झाला, तेव्हां त्यानें रडून प्रार्थना केली. देवानें ती ऐकली, आणि यशयानें गळवावर अंजिरांचा लेप लावविला. प्रार्थना आणि औषध यांचें वैर नाहीं.

४. सर्पदंश. भगतानें अनेकांचें विष उतरविलें, असें लोक सांगतात. पुष्कळ साप बिनविषारीच असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळीं विष अंगांत जातेंच असें नाहीं. असा माणूस वांचतो आणि नांव मंत्राचें होतें. परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसें यांचें विष खरोखर भिनलें, तर सर्पविषावरची लस टोचणें हाच उपाय आहे. जखम कापूं नये, चोखूं नये. चावलेला अवयव न हलवितां रोग्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्यास औषधोपचार घेऊं न देतां मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. प्रार्थना गाडींत बसूनहि करतां येते.

५. प्रचारकबंधूंस. लोक भगताकडे कां जातात? तो मध्यरात्रीं बोलाविला तरी येतो, अंथरुणापाशीं बसतो, घरचें दुःख ऐकतो. जिच्या अंगांत येतें तिचें गाऱ्हाणें पुष्कळदां त्या घटकेसच घर ऐकतें. आम्ही रविवारीं उपदेश करून निघून गेलों, तर त्या कुटुंबास दोष कोणत्या तोंडानें द्यावा? भगताची थट्टा करूं नये. त्याच्यासारखे वेळेस धांवून जावें.

इफिसकरांनीं जाळलेल्या पुस्तकांची किंमत ५०,००० रुप्याचीं नाणीं झाली. एक नाणें म्हणजे एका दिवसाची मजुरी धरली, तर ही एका मजुराची सुमारें १३७ वर्षांची कमाई होते. विकून पैसे करतां आले असते. त्यांनीं तीं विकलीं नाहींत. आणि तीं त्यांनीं स्वतः आणून जाळलीं; पौलानें कोणाच्या घरांत शिरून तीं ओढून आणलीं नाहींत. म्हणून लेंकराच्या गळ्यांतील ताईत प्रचारकानें तोडूं नये. आईच्या मनांतील भीति जावी म्हणून तिच्याबरोबर प्रार्थना करावी, लेंकरूं दवाखान्यांत नेण्यास तिला सोबत करावी, आणि तो ताईत तिनें आपल्या हातानें काढावा अशी वाट पाहावी.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. स्किवाच्या पुत्रांना येशूकडून काय हवें होतें? आम्हांला काय हवें आहे?
२. आमच्या घरांतील कोणती पवित्र वस्तु आज पितळी सर्प झाली आहे?
३. या आठवड्यांत आमच्या मंडळींत कोण आजारी आहे, आणि त्याच्या उशाशीं रात्रीं कोण बसणार?