सुटीपूर्वीचा पाठ : चेहरा आणि खातरजमा

प्रस्तावना

शाळेस सुटी लागते त्याच दिवसांत गावाची घडीही बदलते. हिंगोली जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे आणि उन्हाळ्यात हळदीचे पैसे घरात येतात. नेमक्या त्याच वेळी काही घरांना कुलपे लागतात, काही कुटुंबे ऊसतोडीस निघून जातात, माहेरवाशिणी दागिने घालून एस. टी. ने प्रवास करतात. पैसा, प्रवास आणि गर्दी एकत्र आली की चोरांचे फावते. म्हणून सुटीपूर्वीच्या आठवड्यात एक तासिका या विषयास देणे उचित होय. तथापि, ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ एवढे सांगून हा पाठ पुरा होत नाही. का होत नाही, हे खुद्द हिंगोलीचाच इतिहास सांगतो.

विषयविवेचन

१८३० च्या आगेमागे हिंगोलीस निजामाच्या फौजेची छावणी होती. तेथे हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. छावणीतील अधिकारीही त्याच्याशी व्यवहार करीत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी मुलकी अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. वास्तविक ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते व तो ते घेऊन वाटेत होता. हरिसिंगाने त्यास व त्याच्या सोबत्यांना ठार केले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. तो ठगांचा नायक होता, हे पुढे त्याच्या कबुलीजबाबावरून उघडकीस आले. निजामाच्या सेवेतील अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत नमूद केली आहे. पहाऱ्यापासून जेमतेम शंभर यार्डांवर, भर बाजारात खून झाले, असेही तो सांगतो.

ठगांची रीतच अशी होती. ते प्रथम वाटसरूंची सोबत धरीत, गोड बोलून विश्वास संपादन करीत आणि मग रुमालाने गळा आवळीत. विद्यार्थ्यांच्या मनावर एक गोष्ट ठसवावी : परवाना खरा होता, माल मात्र लुटीचा होता. आज बँकेचे नाव सांगून दूरध्वनीवर ओटीपी विचारणारा, किंवा दागिने उजळून देतो म्हणून दारी येणारा, हीच युक्ती योजतो. भल्या माणसाचे सोंग हेच त्याचे हत्यार असते.

याची दुसरी बाजूही शिक्षकांनी सांगितलीच पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भटक्या जमातीतील, भिक्षा मागून पोट भरणारे निरपराध लोक होते. हिंगोलीत चेहरा पाहून विश्वास ठेवला गेला. राईनपाड्यास चेहरा पाहून संशय घेतला गेला. दोन्हीकडे खातरजमा राहून गेली आणि दोन्हीकडे प्राण गेले. सावधगिरी म्हणजे भीती नव्हे, तर चौकशी करण्याची सवय होय.

उपयोजन

वर्गात दोन विद्यार्थ्यांकडून छोटा संवाद करवून घ्यावा. एकाने दारी आलेला पाहुणा व्हावे, दुसऱ्याने घरात एकटे असलेले मूल. मुलाने मनाशी तीन प्रश्न विचारावेत : हा कोण? कशासाठी आला? याची खात्री कोणाकडून करता येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहुण्याने सुचविलेले नसावे. बँकेचा फोन आल्यास पासबुकावरील क्रमांकावर किंवा शाखेत जाऊन विचारावे. पाहुण्याविषयी आई-वडिलांस अथवा शेजाऱ्यांस विचारावे.

पुढील गोष्टी विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घ्याव्यात :

१. ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० वर कळवावे.

२. संकटसमयी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८.

३. आपले गाव, तालुका व पालकांचा फोन क्रमांक प्रत्येकास सांगता यावा. औंढा नागनाथाच्या महाशिवरात्रीच्या यात्रेसारख्या गर्दीत चुकामूक झाल्यास पोलीस मदत केंद्र गाठावे. लहानग्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवावी.

४. संशय आल्यास पोलीस पाटलास कळवावे. हात उगारू नये. अफवा पुढे पाठवू नये.

पालकसभेत सांगावे की, गावी जाताना शेजाऱ्यास कळवून जावे, रोकड बँकेत ठेवावी आणि एस. टी. त चढताना दागिने झाकून घ्यावेत.

शाळेचीही निगा तितकीच आवश्यक आहे. संगणक, दूरदर्शन संच व पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ यांची नोंद सुटीपूर्वी ताळून पाहावी, किल्ल्या कोणाकडे आहेत ते लिहून ठेवावे आणि सुटीत अधूनमधून कोण फेरी मारील हे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावे.

स्वाध्याय

सुटीत घरी आलेल्या एका अनोळखी माणसाविषयी पाच ओळी लिहून आणाव्यात : तो कोण होता, आणि हे खात्रीने कसे कळले? बहुतेक वह्यांत तो फेरीवाला, भिक्षेकरी किंवा दूरचा नातलग निघेल. बहुतेक माणसे भलीच असतात, हेही मुलांस त्याच चौकशीतून कळावे.