सायकलस्वार सायकलमार्ग का सोडतो?

पुण्याहून मुंबईकडे जाणारा जुना महामार्ग देहूरोड ओलांडून मावळात शिरतो. सोमाटणे फाटा, तळेगाव दाभाडे, वडगाव, कान्हे फाटा, कामशेत, कार्ला फाटा, वलवण आणि लोणावळा ही त्यावरील प्रमुख ठिकाणे होत. खंडाळ्यापुढे बोरघाट लागतो. या घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये लोहमार्गाने घाट ओलांडला. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर मावळातील खेडी शहराच्या कामधंद्याशी अधिकच जोडली गेली. २००२ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने दूरच्या वाहतुकीचा बराच भार उचलला. परंतु त्या मार्गावर दुचाकी वाहनांना व सायकलींना मज्जाव आहे. सबब, मावळातील सायकलस्वाराला जुना महामार्ग टाळता येत नाही.

हा सायकलस्वार एका प्रकारचा नाही. लोकल गाठण्यासाठी कान्हे, कामशेत किंवा मळवली स्थानकाकडे निघालेला कामगार, पाठीवर दप्तर घेऊन विद्यालयाकडे जाणारी मुलगी, मागच्या कॅरिअरला गवताचा भारा बांधून बांधावरून घराकडे परतणारा शेतकरी हे स्थानिक सायकलस्वार. त्यांच्या जोडीला अलीकडच्या काळात पुणे व पिंपरी-चिंचवडहून पहाटे निघून लोणावळ्यापर्यंत जाऊन येणारे हौशी सायकलपटू मोठ्या संख्येने दिसू लागले आहेत. एकाची सायकल जड, रुंद टायरची आणि ओझ्याची. दुसऱ्याची हलकी, अरुंद टायरची आणि वेगाची. रस्ता मात्र दोघांना एकच, आणि त्यातही वाट्याला येते ती कडेची पट्टी.

या साइडपट्टीवरून चालण्यात काय अडचण आहे, हे मोटारीत बसून कळणे कठीण. रस्त्याच्या मध्यभागावरील बारीक खडी, वाळू, काचेचे तुकडे वाहनांच्या चाकांनी आपोआप झाडले जातात आणि कडेला येऊन पडतात. म्हणजे मुख्य रस्ता रहदारी स्वतःच साफ ठेवते आणि त्याचा सारा केर सायकलस्वाराच्या वाटेवर जमतो. दर डांबरीकरणाच्या वेळी रस्त्याची पातळी थोडी वाढते; कड तशीच राहते. कालांतराने दोहोंत चार-सहा बोटांची पायरी तयार होते. मागून ट्रकचा भोंगा वाजला म्हणून खाली उतरलेल्या सायकलस्वाराला ही पायरी पुन्हा चढता येत नाही. तिरप्या रेषेत चढू पाहणारे पुढचे चाक कडेला घासून सायकल आडवी होते. अशा वेळी 'रस्त्याच्या कडेला स्वतंत्र सायकलमार्ग करावा' ही मागणी पुढे येणे स्वाभाविकच आहे.

मागणी योग्य आहे. तथापि, सायकलमार्ग झाला म्हणजे सायकलस्वार त्यावरून जाईलच असे गृहीत धरता येत नाही. पुणे महानगरात २००६ पासून जलद बस मार्गांच्या बरोबरीने सातारा रस्ता व सोलापूर रस्ता येथे सायकलमार्ग बांधण्यात आले. पुढे २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर झाला. तरीही एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत मार्ग मोकळा ठेवून मुख्य रस्त्यावरील मोटारींच्या गर्दीतून जाणारे सायकलस्वार नित्य दिसत आले आहेत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील सायकलमार्ग तर बांधल्यानंतर काही काळातच मोटारी उभ्या करण्याची जागा बनला, आणि २०२५ मध्ये तो काढून टाकून रस्ता रुंद करण्याचा निर्णय झाला.

अशा अनुभवांवरून 'लोकांना शिस्त नाही' असा निष्कर्ष काढण्याची घाई केली जाते. तो निष्कर्ष सोयीचा असला तरी बरोबर नाही. सायकल चालविणारा माणूस स्वतःच्या अंगबळावर चालतो. प्रत्येक खड्डा, प्रत्येक विनाकारण थांबा त्याच्या पायांना जाणवतो. जिवाला धोका पत्करून तो मोटारींमध्ये शिरतो, तेव्हा बाजूचा मार्ग त्याला त्याहूनही त्रासाचा वाटलेला असतो. मार्गाची खरी तपासणी त्यानेच केलेली असते.

ही तक्रार आजची नाही. डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अॅव्हेन्यू या नव्या रस्त्याच्या कडेने सुमारे अडीच मैल लांबीचा आणि साडेआठ फूट रुंदीचा सायकलमार्ग वाहतूकमंत्री होअर-बेलिशा यांच्या हस्ते खुला करण्यात आला. त्याला विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेने! पृष्ठभाग मुख्य रस्त्यासारखा नाही, आडरस्त्यांच्या तोंडाशी मार्ग तुटतो, आणि उद्या मार्ग झाला म्हणून मुख्य रस्त्यावर येण्यास बंदी होईल, हे त्यांचे आक्षेप होते. त्यांतील तिसऱ्याविषयी मतभेद होऊ शकतील. पहिले दोन आजही जसेच्या तसे लागू आहेत.

मानके काय सांगतात

इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांच्या रचनेसंबंधीची शिफारस-पुस्तिका १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. मूळ पुस्तिकेनुसार रस्त्यावर तासाला २०० हून अधिक मोटारवाहने जात असतील, तर गर्दीच्या तासाला केवळ १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. मार्गाची रुंदी किमान २ मीटर असावी, असेही तीत म्हटले आहे. परंतु याहून महत्त्वाची एक शिफारस आहे आणि तीच बहुधा दुर्लक्षिली जाते. ती अशी की, सायकलमार्गाची चालण्याजोगी गुणवत्ता व दिव्यांची व्यवस्था मुख्य रस्त्याइतकी किंवा त्याहून चांगली असली पाहिजे. तरच सायकलस्वार तिकडे वळेल. साठ वर्षांपूर्वीच्या त्या अभियंत्यांना सायकलस्वाराचे मन नेमके कळले होते असे म्हणावे लागते.

पाऊस आणि पृष्ठभाग

मावळात या शिफारशीची कसोटी पावसाळ्यात लागते. लोणावळ्याला वर्षाकाठी साधारणतः चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. शहरांतून पदपथांसाठी वापरले जाणारे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक सायकलमार्गासाठीही बसविण्याची पद्धत पडली आहे. कोरड्या प्रदेशात त्यांचे सांधे चाकाला खडखडाट देतात एवढेच. मावळात मात्र खालची वाळू पाण्याबरोबर वाहून जाते, ब्लॉक डुगडुगू लागतात आणि झाडांच्या सावलीत त्यांवर शेवाळ धरते. शेवाळलेल्या वळणावर ब्रेक दाबणे म्हणजे घसरणे. डांबराचा किंवा खरखरीत काँक्रीटचा सलग थर, एका बाजूला बेताचा उतार आणि पाणी वाहून नेणारे गटार ही येथील गरज होय.

गटार म्हटले की झाकण आले. लोखंडी जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला समांतर बसविल्या, तर अरुंद टायर त्यांत अडकून स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पट्ट्या आडव्या बसविण्यास जादा खर्च येत नाही. त्याचप्रमाणे, वाहनांचा वेग कमी करण्यासाठी रस्त्यावर आडव्या जाड पट्ट्या मारताना त्या कडेपर्यंत नेऊ नयेत. सायकलपुरती हातभर जागा मोकळी सोडावी.

आषाढात आणखी एक गोष्ट घडते. भातखाचरांत चिखलणी करून ट्रॅक्टर गावरस्त्याने महामार्गावर येतात आणि चाकांचा चिखल फाट्यावर पसरतो. मुख्य रस्त्यावरचा चिखल मोटारींनी दोन दिवसांत निघून जातो, कडेचा वाळून ढेकळे होतात. सायकलमार्ग मोटारींनी झाडला जात नाही, म्हणून तो माणसाने झाडावा लागतो. अंदाजपत्रकात बांधकामाची तरतूद असते, झाडूची नसते.

फाट्यावरचा धोका

सलग मार्गावर सायकलस्वार सुरक्षित असतो. त्याला खरा धोका मार्ग जेथे गावरस्त्याला छेदतो तेथे. महामार्गावरून पवनानगरच्या रस्त्याला किंवा कार्ल्याच्या लेण्यांकडे वळणारा मोटारचालक समोरच्या व मागच्या मोटारी पाहतो. झाडांच्या किंवा टपऱ्यांच्या आडून कडेच्या मार्गाने येणारी सायकल त्याच्या ध्यानीमनीही नसते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पर्यटकांची वाहने वाढतात आणि नवख्या चालकाला फाटा ऐनवेळी दिसतो; तो घाईने वळतो. उपाय अवघड नाही. फाट्याच्या तोंडाशी सायकलमार्ग खाली उतरवून तोडू नये, तो त्याच उंचीवर, वेगळ्या रंगात, सलग पलीकडे न्यावा. म्हणजे मोटारीलाच चढून, वेग कमी करून ओलांडावे लागेल. वळणाचा कोपरा प्रशस्त न ठेवता आखूड ठेवावा. फाट्याच्या अलीकडील पंधरावीस मीटरांत टपरी, फलक किंवा उभी रिक्षा असू नये.

दुभाजकाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. शाळा रस्त्याच्या एका बाजूस आणि वस्ती दुसऱ्या बाजूस असते. दुभाजकातील अधिकृत मोकळी जागा दूर असल्यास मुले रस्त्याच्या उलट दिशेने सायकल चालवीत येतात. त्यांना नियम सांगणे शिक्षकांचे काम आहेच. परंतु रोज दोन वेळा लांबचा फेरा घालण्याची अपेक्षा मुलांकडून करताना थोडा विचार व्हावा. अशा ठिकाणी, निदान शाळेच्या परिसरात, मार्ग दोन्ही दिशांनी चालण्याइतका रुंद करणे शहाणपणाचे ठरेल.

चढाविषयी थोडेसे. तळेगाव ते लोणावळा हा पट्टा बहुतांशी सपाट आहे. कामशेतची खिंड हा त्यातील लक्षात येण्याजोगा चढ. तीसास एक या प्रमाणाचा चढ ९० मीटरांहून लांब असू नये, असे १९६२ ची पुस्तिका सांगते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील स्पर्धक बोरघाट चढून जातात व 'घाटाचा राजा' हा किताब मिळवितात, हे खरे. परंतु दप्तर घेतलेल्या मुलीसाठी मार्ग आखताना त्यांचे मोजमाप लावता येणार नाही. ती उतरून सायकल ढकलते, आणि ढकलणाऱ्या माणसाला चालविणाऱ्यापेक्षा अधिक रुंदी लागते. पावसाळ्यात लोणावळ्याकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो वेगळाच. दुसऱ्या टोकाला, ताशी २५-३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या हौशी सायकलपटूला दोन मीटरांच्या मार्गावर शाळकरी मुलांमागे अडकवून ठेवणे दोघांनाही अपायकारक आहे. त्याला मुख्य रस्त्याची कड खुलीच असली पाहिजे, म्हणून सायकलमार्ग झाला तरी साइडपट्टीची पायरी भरून काढण्याचे काम उरतेच.

पंचायत आणि शाळा

महामार्गाची हद्द ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. मात्र महामार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्याचे तोंड, तेथील गटार, टपऱ्या आणि दिवा हे बहुतेक ठिकाणी गावाचे असतात, आणि सायकलस्वार मार्ग सोडतो तो याच जागी. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला दिलेला आहे. गावरस्त्याचे शेवटचे तीस-चाळीस मीटर पक्के केले, तर खडी आणि चिखल महामार्गाच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. या कामाला मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मार्गाची मागणी करावयाची तर आकडे लागतात, आणि ते गोळा करण्याचे काम माध्यमिक शाळा उत्तम रीतीने करू शकते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून, सकाळी व सायंकाळी एकेक तास सायकली व मोटारी मोजाव्यात. एक दिवस बाजाराचा, एक साधा आणि एक पावसाळ्यातील रविवार असावा. मोजणीत एक मेख आहे. ज्या रस्त्यावर जाण्याची भीती वाटते तेथे सायकली कमीच आढळणार, आणि कमी आकड्यावरून मार्गाची गरज नाही असे ठरणार. म्हणून शाळेत आणखी एक नोंद घ्यावी: किती मुलांच्या घरी सायकल आहे, त्यांतील किती जण ती शाळेला आणतात, आणि न आणणाऱ्यांना पालकांनी कोणत्या फाट्यामुळे अडविले आहे. गरजू विद्यार्थिनींना शासकीय योजनांतून सायकली दिल्या जातात. मिळालेली सायकल ओसरीत उभी राहते की रस्त्यावर येते, हेही त्या नोंदीतून कळेल. फाट्यांची नावे आणि त्यांपुढील मुलांची संख्या असा तक्ता ग्रामसभेच्या ठरावाला जोडून रस्त्याच्या संबंधित अभियंत्याकडे पाठविला, तर आखणी करणाऱ्याला मार्ग नेमका कोठे तुटता कामा नये हे आरंभीच समजेल.