"आपण फेरेट पाळू या का?" : पाळीव प्राण्यांवर एक पाठ



लांबुळकं अंग, आखूड पाय, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि वाकड्यातिकड्या उड्या. मोबाईलवरच्या व्हिडिओत हे जनावर तुमच्या मुलांनी एव्हाना बघितलंच असेल. ते म्हणजे फेरेट. बघून झालं की प्रश्न ठरलेला, "आपण आणू या का?" "गप्प बस" म्हणून विषय संपवता येतो. पण परिसर अभ्यासात पाळीव आणि वन्य प्राणी शिकवताना याच्याइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

मुलं त्याला लगेच "मुंगूस!" म्हणतात. दिसायला तसंच आहे खरं, पण नातं वेगळं. फेरेट हा आपल्या नदीतल्या पाणमांजराच्या कुळातला, तर मुंगूस मांजराच्या बाजूला जवळचा. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी फेरेट माणसाळवला, तोही लाडासाठी नव्हे, कामासाठी. सशाच्या बिळात फेरेट सोडायचा आणि बाहेर जाळी लावून बसायचं. ब्रिटनमध्ये अशी शिकार आजही चालते. 'फेरेट' हा शब्द 'छोटा चोर' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. नाव सार्थ आहे. मोजे, किल्ल्या, जे सापडेल ते हा पलंगाखाली नेऊन लपवतो.

आता पाळायचं म्हणजे काय करायचं? इथे वर्गात थोडं थांबा, कारण मुलांना वाटतं की पोळीचा तुकडा आणि वाटीभर दूध दिलं की झालं. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे. त्याचं आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. म्हणून त्याला दिवसातून अनेकदा, थोडंथोडं, मांसातली प्रथिनं आणि चरबी असलेलं खाणं लागतं. धान्य, फळं, गोड बिस्किटं त्याला पचत नाहीत. दुधाने जुलाब होतात. शाकाहारी घरात हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहणार, आणि "त्यालाही आपल्यासारखंच खायची सवय लावू" हे उत्तर चालत नाही. सवय लागत नाही, जनावर मरतं.

दिवसातले १४ ते १८ तास तो झोपतो. उरलेल्या वेळात मात्र त्याला पिंजऱ्याबाहेर काही तास हुंदडायला लागतं, आणि तेव्हा कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. रबराचे तुकडे, खोडरबर तो गिळतो, मग आतडं अडतं आणि शस्त्रक्रियाच करावी लागते. अंगाला उग्र वास असतो. वारंवार आंघोळ घातली तर वास कमी होत नाही, उलट कातडीतून तेल जास्त सुटतं. आणि ऊन! तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की त्याला उष्माघाताचा धोका असतो. आपल्याकडे विदर्भातला मे महिना आठवून बघा.

आजारांचंही सांगायला हवं. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो जवळजवळ हमखास दगावतो, म्हणून लस हवीच. माणसाचा फ्लूही त्याला होतो. १९३३ साली लंडनमध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू शोधला तो फेरेटच्याच मदतीने. तेव्हा घरात कुणाला फ्लू झाला की या प्राण्यापासून लांब राहायचं. मुलांना हे फार गमतीचं वाटतं, कारण त्यांनी नेहमी प्राण्यापासून माणसाला होणारे रोगच ऐकलेले असतात.

एवढं करून तो जगतो साधारण सहा ते आठ वर्षं. तिसरीत आणलेला फेरेट मूल दहावीत जाईपर्यंत सांभाळायचा.

काही ठिकाणी तो पाळायलाच बंदी आहे, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि हवाई राज्यांत. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सशांचा बंदोबस्त करायला फेरेट सोडले, त्यांनी किवीसारख्या जमिनीवरच्या पक्ष्यांवर हल्ला चढवला. तिथे २००२ पासून त्यांची विक्री आणि पैदास बंद केली आहे.

यावर एखादं मूल हमखास म्हणेल, "मग मुंगसाचं पिल्लू पाळू!" इथे स्पष्ट बोला. मुंगूस वन्यप्राणी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार तो संरक्षित आहे, त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्या आपल्या हिरव्या पोपटालाही हाच कायदा लागू होतो. (हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो, कारण कुणा ना कुणाच्या मामाकडे पोपट असतोच.) मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रशही चोरून विकले जातात, तेव्हा चित्रकलेचं साहित्य घेताना दुकानदाराला विचारा.

शेवटी एक कृती. फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे मुलाचा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत. उजवीकडे प्राण्याच्या गरजा : खाणं, घाण काढणं, खेळ, लस, डॉक्टर, खर्च. प्रत्येक गरजेपुढे ती कोण पुरवणार त्याचं नाव लिहायला लावा. बहुतेक ठिकाणी "आई" येईल. मग तोच तक्ता घरी पाठवा आणि आईची सही मागवा. फेरेटच्या जागी कुत्रा, मांजर, ससा, काहीही चालेल. दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेल्यावर कोण बघणार, हा रकाना मात्र विसरू नका.