जुन्या मठातील संग्रहालय आणि गावचा वीरगळ
(परिसर-अभ्यास व इतिहास : इयत्ता ५ वी ते ७ वी)

इतिहासाच्या तासाला मुले सनावळी बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु आपल्या वेशीवरचा कोरीव दगड कशाचा, असे विचारले तर निरुत्तर होतात. इतिहास पुस्तकात असतो, गावात नसतो, अशी समजूत त्यांच्या मनात सहज रुजते. ती दूर करण्यास संग्रहालयासारखे दुसरे साधन नाही. या पाठासाठी जुन्या गोव्यातील पुराणवस्तु संग्रहालयाचे उदाहरण घेतले आहे. सहल नेणे शक्य नसले तरी हा पाठ वर्गात घेता येईल.

१. वास्तूचा परिचय

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतले. १५१७ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू तेथे आले आणि त्यांनी चर्च व मठ उभारला. आज दिसणारे संत फ्रान्सिस यांचे चर्च १६६१ चे आहे. पूर्वीच्या चर्चचे कोरीव प्रवेशद्वार मात्र त्यात जपून ठेवले आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने हे पंथ बंद केले आणि मठ ओस पडला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर, १९६४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने या मठात संग्रहालय स्थापन केले. १९८६ मध्ये गोव्यातील चर्च व मठ यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला.

ज्या वास्तूत साधू राहत, तीच आज सर्वांची पाठशाळा झाली आहे. जुनी वास्तू पाडल्याविना नव्या उपयोगास कशी आणता येते, हे मुलांना येथेच सांगावे.

२. संग्रहातील वस्तू

येथे पोर्तुगीज व्हाइसरॉय व गव्हर्नर यांच्या तसबिरींचे मोठे दालन आहे. ही परंपरा १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रो याने सुरू केली. पोशाख, शस्त्रे व चेहऱ्यावरील ऐट कालपरत्वे कशी बदलली, हे या तसबिरी पाहून मुलांना स्वतः शोधता येते. आफोंसो द आल्बुकर्क याचा भव्य कांस्यपुतळाही येथे आहे. तो पूर्वी पणजीच्या चौकात उभा होता. सत्ता गेली, चौकातील मानाचे स्थान गेले. परंतु पुतळा फोडला न जाता अभ्यासाची वस्तू म्हणून राहिला. हा विवेक मुलांच्या ध्यानी आणून द्यावा.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहेत ते कदंबकालीन वीरगळ व सतीशिळा. गोव्याचे कदंब हे दर्यावर्दी राजे होते. म्हणून काही वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आढळते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथेही असे नौकायुद्धाचे वीरगळ आहेत.

३. वीरगळ कसा वाचावा

वीरगळ खालून वर वाचावा. खालच्या चौकटीत लढाई किंवा वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत अप्सरा वीरास स्वर्गाला नेताना, वरच्या चौकटीत वीर शिवलिंगाची पूजा करताना, आणि शिरोभागी चंद्रसूर्य, असा सामान्य क्रम असतो. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. खालच्या चौकटीत गाई असतील तर वीर गोधनरक्षणात पडला असे समजावे. सतीशिळेवर बहुधा कोपरात वाकलेला, चुडा भरलेला हात असतो. सतीची चाल अमानुष होती आणि १८२९ मध्ये बंगाल प्रांतात ती कायद्याने बंद झाली, हे येथे स्पष्ट सांगावे; शिळा जपणे म्हणजे चालीचा गौरव करणे नव्हे.

४. गावातील प्रत्यक्ष कार्य

संग्रहालयात दगड सुरक्षित राहतो, परंतु त्याचे गाव सुटते. गावात तो आपल्या जागी असतो, परंतु सुरक्षित नसतो. कोठे तो पायरीला बसविला जातो, कोठे धुण्याचा दगड होतो, तर कोठे रस्त्याच्या भरावात जातो. एकदा गेला की गावाचा तो एकमेव लेख गेला. म्हणून पुढील कार्य योजावे.

(अ) मुलांच्या तुकड्या करून देवळाचे आवार, वेस, पार व विहिरीचा काठ येथील कोरीव दगडांचा शोध घ्यावा.
(आ) प्रत्येकाची जागा, उंची, रुंदी व चौकटींची संख्या नोंदवून चित्र काढावे.
(इ) वहीत दोन रकाने आखावेत : ‘डोळ्यांना दिसले ते’ आणि ‘त्यावरून वाटले ते’. या दोहोंतील भेद कळणे हेच इतिहासाचे पहिले शिक्षण होय.
(ई) वृद्ध ग्रामस्थांकडून दगडाविषयीची आख्यायिका लिहून घ्यावी. ती ऐकीव म्हणून वेगळी नोंदवावी.

दगड हलवू नये, खरवडू नये, अक्षरांत खडू भरू नये. शेंदूर लावून पूजा होत असल्यास ग्रामस्थांची अनुमती घेऊनच जवळ जावे. जमिनीत जुनी नाणी वा मूर्ती सापडल्यास तहसीलदारांस कळवावे.

५. उजळणीचे प्रश्न

(१) मठ ओस का पडला?
(२) नौकायुद्धाचे वीरगळ समुद्रकाठच्या प्रदेशात का आढळतात?
(३) आपल्या गावच्या वीरगळावरील वीर कशासाठी लढला असावा? कशावरून?

नोंदींची वही शाळेच्या दप्तरी जतन करावी व एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. पुढील वर्षीच्या मुलांनी तीच वही घेऊन प्रत्येक दगड जागेवर आहे की नाही, हे पडताळून पाहावे.