गंज कोण घासणार? सामायिक स्वयंपाकखोलीतल्या भांडणाचा अभ्यासपाठ



बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब हे विषय आपण या पानावर बरेचदा घेतले. या वेळचा विषय कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही. तो सापडतो बोरिंगजवळ, जेवणं आटोपल्यावर, खरकट्या गंजांच्या ढिगाशी. "आज माझा वार नव्हता." "मी काल दोनदा घासले ना जी." "तिनं घासलेलं मलेच पुन्हा घासा लागते." हे ऐकलं नाही असा गट वडसा तालुक्यात असेल असं मला वाटत नाही.

पैशाच्या भांडणाला आपण घाबरतो, म्हणून त्याचे नियम करून ठेवले. हप्ता चुकला तर काय, बैठकीला आली नाही तर काय, सगळं ठरलेलं आहे. भांड्याचं मात्र "बायका आहेत, घेतील करून" म्हणून सोडून दिलं. आणि गटात अबोला पडतो तो बहुतेक वेळा इथूनच. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, मग एक बैठकीला येणं बंद करते, मग तिचा हप्ता थकतो, आणि वहीत फक्त "थकबाकी" एवढंच दिसते. कारण गंजात असते, वहीत नसते.

आपल्या भागात सामायिक स्वयंपाक कुठे कुठे होतो ते आधी पाहू. शाळेचा पोषण आहार आहे. काही गटांनी मोठी भांडी घेऊन लग्न-तेरवीला भाड्यानं द्यायला सुरुवात केली आहे. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली, नाटकं लागली की घरोघर पाव्हणे भरतात आणि त्या दिवसांत गटाची भांडी एका घरी थांबत नाहीत. पापड-लोणच्याचं काम आहे, ग्रामसंघाच्या मेळाव्याचं जेवण आहे. या सगळ्यांत मी शाळेच्या स्वयंपाकावर जास्त लिहिणार आहे, कारण तिथं जेवणारी लेकरं असतात आणि चूक झाली तर भांडणावर निभावत नाही.

महाराष्ट्रात १९९५ पासून सुरुवातीला मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की शाळेत शिजवलेलं अन्न द्या. तेव्हापासून शाळेत चूल आली आणि चुलीसोबत खरकटी भांडीही आली. केंद्राच्या मापानुसार पहिली ते पाचवीच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल लागते. आता ८० मुलांची शाळा धरा. ८ किलो तांदूळ, १ किलो ६०० ग्रॅम डाळ, ४ किलो भाजी. आठ किलो तांदूळ शिजला की वीस किलोच्या वर भात होतो. तो ज्या गंजात शिजतो तो रिकामा असला तरी एका बाईनं उचलायचा नसतो, आणि बुडाला लागलेला असला तर मग विचारूच नका. २६ ते १०० मुलांमागे माणसं किती मंजूर आहेत? दोन. २५ पर्यंत एक, आणि शंभरच्या पुढे दर शंभराला आणखी एक.

म्हणजे दोघींत सगळं. निवडणं, चिरणं, पाणी भरणं, चूल किंवा गॅस, वाढणं, मग घासणं, पोचारा मारणं. या पदाचं नाव नीट वाचा: "स्वयंपाकी तथा मदतनीस". एक स्वयंपाकीण आणि दुसरी भांडेवाली असं कुठं लिहिलेलं नाही. दोघीही दोन्ही आहेत. मानधनही दोघींना सारखंच. तरी पाहिलं तर बहुतेक ठिकाणी एकीच्या हाती पळी असते आणि दुसरीच्या हाती घासणी, आणि हे वर्षानुवर्षं बदलत नाही.

दुसरी कोण असते, हा प्रश्न मी तुम्हाला विचारते. वयानं लहान? नवीन सून? एकटी, विधवा बाई? की जातीनं खालची समजली जाणारी? उत्तर गटानं स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावं. काही ठिकाणी उलटं असते. तिला घासूही देत नाहीत, कारण तिचा हात लागलेलं भांडं पुन्हा पाण्यातून काढा लागते. तोंडानं म्हणतात "ती स्वच्छ घासत नाही". तायांनो, ही गोष्ट स्वच्छतेची नाही. संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता बंद केली आणि ती पाळणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. शाळेच्या स्वयंपाकाबाबत तर सर्वोच्च न्यायालयानं २० एप्रिल २००४ ला स्पष्ट सांगितलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्या. लेकरं एका पंगतीत कोणाच्याही हातचं जेवतील, हा त्यामागचा विचार. तेव्हा एखादी बाई "ती बराबर घासत नाही" म्हणाली तर गटानं एकच विचारायचं: भांड्यावर काय राहिलं ते दाखव. तेल दाखव, शीत दाखव, राख दाखव. दाखवता आलं तर ती तक्रार. नाही आलं तर तो भेदभाव, आणि तसा तो इतिवृत्तात लिहायचा.

पाळीच्या दिवसांचंही थोडं बोलू. आपल्याच जिल्ह्यात एटापल्ली, भामरागडकडे बाईला त्या दिवसांत कुर्माघरात राहावं लागते. इकडे वडशाकडे तसं नसलं तरी "ती बाहेर आहे" म्हणून चुलीपासून दूर ठेवणं सुरूच आहे. गंमत अशी की पळी हातात घेऊ देत नाहीत, पण बाहेरची भांडी घासायला तीच चालते. जंतूंच्या हिशोबानं पाहिलं तर हात साबणानं धुतलेले पाहिजेत, एवढंच. अंग दुखत असेल, आराम पाहिजे असेल तर तिनं मागावा आणि वार बदलून द्यावा. पण ते तिनं ठरवायचं, बाकीच्यांनी नाही.

आता स्वच्छ म्हणजे काय, यावर येऊ. अर्धी भांडणं इथंच आहेत. एकीच्या घरी चकाकलं की स्वच्छ, दुसरीच्या घरी पाणी मारलं की स्वच्छ. दोघीही आपापल्या आईकडून शिकल्या, दोघींनाही आपलंच बराबर वाटते. म्हणून गटानं एक पद्धत ठरवावी आणि सगळ्यांनी तीच करावी.

आधी खरकटं काढून टाकायचं, ढोराच्या टोपल्यात किंवा खड्ड्यात. खरकट्यासकट घासायला बसलं की पाणीही जास्त लागते आणि नालीही तुंबते. मग कमी तेलकट भांडी आधी, तेलाची कढई सगळ्यात शेवटी. पेले, गडवे सुरुवातीला. घासून झालं की साध्या स्वच्छ पाण्यातून काढायचं, आणि ते पाणी एकाच घमेल्यातलं नको, कारण दहाव्या भांड्यापर्यंत ते पाणीच मळलेलं असते. मग पालथं घालून उन्हात. पदरानं पुसायचं नाही. पदरानं आपण घामही पुसतो, लेकराचं नाकही पुसतो.

राखेबद्दल विचारतात. राख वाईट नाही. ती खारी असते, तेलाशी मिळून थोडं साबणासारखंच काम करते. पण राख चाळलेली आणि कोरड्या डब्यातली पाहिजे, अंगणातून उचललेली माती मिसळलेली नको. जर्मनच्या गंजाला राख किंवा सोडा रोज लावला तर तो काळवंडतो आणि खड्डे पडतात, मग त्या खड्ड्यांत अन्न अडकते. त्याला साबण बरा. जर्मनच्या भांड्यात चिंचेचं, ताकाचं आंबट ठेवू नका. पितळेचं असेल तर कल्हई पाहून घ्या.

आणि घासणी! भांडं स्वच्छ आणि घासणी सडकी, हे मी सगळ्यात जास्त पाहते. ओली घासणी, ओलं फडकं रात्रभर कोपऱ्यात पडून राहिलं की त्यातच जंतू वाढतात. फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर वाळवायचं. फडकं बदलायला गटाच्या पैशातून खर्च टाकायला लाजू नका.

आपला भाग भाताचा, म्हणून हे जास्त ध्यानात ठेवा. बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू तांदळात असू शकतो. तो कवचात बसून उकळीतूनही वाचतो. भात कोमट राहिला, तासन् तास तसाच पडला की तो वाढतो आणि विष सोडतो. पुन्हा गरम केल्यानं ते विष जात नाही. गंजाच्या काठाला, खालच्या शिवणीला चिकटलेला भात रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी पाणी मारून त्यातच नवा तांदूळ टाकला तर काय होईल, तुम्हीच पाहा. म्हणून "उद्या सकाळी येऊन घासू" हे चालणार नाही. उशिरा घासणं आणि न घासणं यात लेकराच्या पोटाला फार फरक कळत नाही.

एक घटना इथं सांगणं भाग आहे. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. आपल्याकडे धानावर फवारणी होते. रिकामी डबकी घरात पडून असतात, "चांगली जाड आहे, धुऊन घेऊ" म्हणून ठेवली जातात. फवारणीच्या डबकीला कितीही धुतलं तरी ती स्वयंपाकखोलीत येऊ द्यायची नाही, पाणी भरायलाही नाही. आता वाढायच्या आधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चव घेण्याचा नियम आहे, तो रोज पाळायचा आणि वहीत सही घ्यायची. सही घ्यायला गेलं की "विश्वास नाही का?" असं ऐकावं लागते. ऐकून घ्या आणि सही घ्या. ती सही तुमच्याही बचावासाठी आहे.

आता वार कसे लावायचे. दोघींमध्ये आठवडा वाटून घ्यायची सोपी रीत म्हणजे एक दिवस पळी हिची, दुसऱ्या दिवशी तिची. जिच्या हाती पळी नाही ती त्या दिवशी घासते. मोठा गंज मात्र दोघींनीच उचलायचा, वार कोणाचाही असो. भाड्याच्या भांड्यांत अडचण वेगळी आहे. नेणारा "घासून देतो" म्हणतो आणि खरकटं आणून टाकतो. तिथं देतानाच दोन भाव सांगा, घासून परत केलं तर एक आणि तसंच आणलं तर जास्त. जी वरची रक्कम येईल ती घासणाऱ्या बाईची, गटाची नाही. माझं मत असं की घासणं हे काम आहे, तर त्याला मजुरी पाहिजे. गट आपला आहे म्हणून हात फुकट झाले नाहीत.

दंडाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बऱ्याच ताया म्हणतात, वार चुकला तर दहा रुपये दंड लावा. हप्त्याला दंड ठीक आहे, भांड्याला नको. जिच्याकडे दहा रुपये आहेत ती दंड भरून मोकळी होईल आणि घासणं पुन्हा गरीब बाईवरच येईल. चुकलेला वार पुढच्या आठवड्यात भरून द्यायचा, पैशात नाही.

लिज्जत पापडचं उदाहरण तुम्ही प्रशिक्षणात ऐकलं असेल. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. ते उदाहरण नेहमी पैशासाठी सांगतात, मी वेगळ्या कारणासाठी सांगते. तिथं भिजवलेलं पीठ शाखेतून मिळते आणि पापड बहिणी आपापल्या घरी लाटतात. मग हजारो घरांची स्वच्छता सारखी कशी राहील? त्यांनी काम द्यायच्या आधीच घर, जागा पाहायची पद्धत ठेवली, आणि नंतरही न सांगता तपासणी होते. सगळ्यांच्या घरी होते, म्हणून कोणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे तपासणी फक्त भांडण झाल्यावर आणि फक्त एकीचीच होते. जवळचं उदाहरण वर्धेचं. १९३६ पासून सेवाग्राम आश्रमात सामायिक स्वयंपाकघर होतं आणि आपलं ताट आपण धुणं हा तिथला रोजचा नेम. पुढारी असो की पाव्हणा. आपल्या मेळाव्यात हे का नाही होत? मेळाव्याला आलेले साहेब ताट तिथंच ठेवून उठतात आणि आपल्या ताया उचलतात. ताटं धुवायला नळाजवळ साबण ठेवा आणि पुकारणारीनं माईकवर सांगून टाकावं. मीही माझं ताट धुईन.

बोलायची रीत शेवटी. "तू घाणेरडी" आणि "परातीला तेल राहिलं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या बोलण्यानं माय-बाप निघतात, दुसऱ्यानं परात निघते. आणि जे सांगायचं ते भांड्याजवळ, त्याच दिवशी, तिलाच सांगायचं. महिनाभर मनात ठेवून बैठकीत सगळ्यांसमोर काढायचं नाही.

या महिन्याच्या बैठकीत असं करा. एका दिवशी घड्याळ लावून पाहा, स्वयंपाकाला किती वेळ लागला आणि घासायला किती. मागच्या पंधरा दिवसांत घासलं कोणी, हे प्रत्येकीनं एका चिठ्ठीवर नाव न टाकता लिहावं. लिहिता येत नसेल तिनं लेखापालाच्या कानात सांगावं. चिठ्ठ्या वाचून दाखवा. मग वारांचा तक्ता बनवून शाळेच्या किंवा ग्रामसंघाच्या स्वयंपाकखोलीत भिंतीला लावा, नावासोबत छोटं चित्र काढा म्हणजे सगळ्यांना कळेल. तक्त्याची नक्कल इतिवृत्ताच्या वहीत चिटकवा. पुढच्या दौऱ्यात मी ती वही मागेन, आणि घासणी कुठं वाळत घातली तेही पाहीन.