पाकिटावरचा शिक्का

पूर्वी बहुतेक मराठी घरांत ओटीवर किंवा माजघरात खुंटीला एक लांब तार टांगलेली असे. आलेले पत्र वाचून झाले की ते त्या तारेत ओवले जाई. तार भरली म्हणजे जुनी पत्रे काढून सुतळीने बांधीत व माळ्यावर ठेवीत. आमच्या घरी अशी पाच-सहा पुडकी होती. त्यांचे पुढे काय झाले हे सांगणे मला भाग आहे. परंतु ते मागाहून. जुन्या पाकिटात जपून ठेवण्याजोगे असते तरी काय, ते आधी पाहू.

पाकीट हाती येताच सामान्य मनुष्याची दृष्टी तिकिटाकडे वळते. जाणत्याची दृष्टी मात्र तिकिटावरील शिक्क्याकडे जाते. शिक्क्यात टपालकचेरीचे नाव व तारीख असते, पुष्कळदा वेळही असते. पूर्वी पाकिटाच्या पाठीवर ते जेथे पोचले तेथील शिक्काही उमटवीत. या दोन तारखांतील अंतर म्हणजे त्या पत्राचा प्रवास. हे अंतर नेहमीपेक्षा मोठे दिसले, तर वाटेत पूर आला होता, संप झाला होता, की युद्ध पेटले होते, याचा शोध घ्यावासा वाटतो. आपल्या मंडळींच्या पत्रांत तर शिक्क्याचे महत्त्व अधिकच. माथ्यावर ‘श्री’, बाजूला गावाचे नाव आणि तिथी किंवा नुसता वार, एवढेच पुष्कळ जण लिहीत. सन लिहिण्याची गरज कोणास वाटणार? वाचणाऱ्यास तो ठाऊकच असे. पन्नास वर्षांनी तेच पत्र उघडणाऱ्यास तो फक्त शिक्का सांगू शकतो.

१ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात सर्वत्र टपालाचा एकच दर सुरू झाला. पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात कितीही दूर जाऊ लागले. त्यापूर्वी जसे अंतर वाढे तसा आकार वाढे, आणि गरिबाच्या घरी दूरदेशीचे पत्र क्वचितच येई. म्हणून त्या वर्षीच्या एखाद्या पाकिटावरील तारीख त्या दिवसाच्या अलीकडची की पलीकडची, हे संग्राहक उत्सुकतेने पाहतो.

काही तारखा तर त्या पाकिटांमुळेच लक्षात राहिल्या आहेत. १९११ साली अलाहाबाद येथे, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे, मोठे प्रदर्शन भरले होते. त्या वर्षी १८ फेब्रुवारीस हेन्री पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन विमानात बसला. ते विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारा यांचा सांगाडाच होता. यमुना ओलांडून तो नैनी येथे उतरला. अंतर अवघे दहा किलोमीटरांच्या आसपास, वेळ तेरा मिनिटे. चालत निघालेला मनुष्यही ते अंतर दोन-अडीच तासांत काटील! तथापि अधिकृत रीत्या विमानाने टपाल नेण्याचा जगातील हा पहिला प्रसंग होय. त्या पत्रांवर विमानाचे चित्र असलेला खास शिक्का मारला होता. कोणी त्यांवरील तिकिटे सोडवून घेतली असती, तर हाती उरली असती ती राजाच्या मुखवट्याची नेहमीचीच तिकिटे. तशी लाखो निघाली होती.

१९७१ सालची हकिगत माझ्या स्वतःच्या आठवणीतील आहे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी १५ नोव्हेंबरपासून पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. आरंभी स्वतंत्र तिकिटे तयार नव्हती. नेहमीच्याच पाच पैशांच्या तिकिटांवर तशी अक्षरे घाईघाईने उमटवली गेली. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत हा कर चालला. त्या दिवसांतले साधे खुशालीचे पाकीटही दूरच्या छावणीतील कोणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडले आहे. पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड असेल, तर ते पाकीट १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे नव्हे, असे खुशाल समजावे. कारण ती पद्धत त्याच दिवशी सुरू झाली. ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते.

आता माझी गोष्ट. १९७१ साली मी सहावीत होतो. शाळेत तिकिटांचे प्रदर्शन भरणार होते. मी माळ्यावरची पुडकी खाली काढली, कात्रीने तिकिटे कापली, परातीत पाणी घेऊन ती भिजवली व वर्तमानपत्रावर वाळत घातली. पाकिटे बंबात गेली. आजीने एवढेच विचारले, “अरे, आतली पत्रे ठेवलीस ना?” पत्रे मी ठेवली होती. माझ्या वहीला बक्षीसही मिळाले.

त्या वहीत जुन्या नाण्याचे चित्र असलेले एक पोर्तुगीज तिकीट आहे. माझे थोरले काका मडगावास एका पेढीवर कारकून होते. त्यांच्या पत्रावरचे ते तिकीट. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २९ डिसेंबरला तेथे भारतीय तिकिटे सुरू झाली, आणि जुनी तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालवून घेतली गेली. काकांचे पत्र आजही माझ्यापाशी आहे. माथ्यावर ‘मडगाव, शुक्रवार’ एवढेच लिहिलेले. आत मजकूर असा की, आम्ही सर्व सुखरूप आहोत, पूल उडवल्यामुळे रस्ते बंद आहेत, काळजी नसावी.

पुढे महाविद्यालयात असताना मी पंचांग काढून पाहिले. २२ डिसेंबर शुक्रवार, २९ डिसेंबर शुक्रवार, आणि ५ जानेवारीही शुक्रवारच! आजी सांगत असे की, त्या दिवसांत मुलाचे पत्र येईपर्यंत तिने रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. किती रात्री, हे तिला आठवत नसे. तीनच दिवसांत काकांनी खुशाली लिहिली होती, की आजीला जवळजवळ तीन आठवडे वाट पाहावी लागली होती? तिकिटावर शिक्क्याची कमान तेवढी आली आहे. तारीख पाकिटाच्या भागावर पडली होती. पोचल्याची तारीख पाठीमागे असणार. ते पाकीट मी स्वतःच्या हाताने बंबात घातले.

तेव्हापासून मी पाकिटाला कात्री लावलेली नाही. संग्राहकांसाठी मुद्दाम छापलेली नवी कोरी पाकिटे बाजारात मिळतात. त्यांचे मला फारसे वाटत नाही. ज्याने कोणाची तरी वाट पाहायला लावली ते मळके पाकीट मला अधिक प्रिय. अशी पाकिटे मी कोरड्या जागी, कसर लागू नये अशा बेताने ठेवतो. त्यांना डिंक लावीत नाही. आणि कोणाकडून मिळाली ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने टिपून ठेवतो. काकांचे पत्र व ते तिकीट आता मी एकत्र ठेवले आहे. सोबतच्या चिठ्ठीवर तीनही शुक्रवारांच्या तारखा लिहिल्या आहेत.